सतरा इंची लॅपटॉप : रोजच्या वापरात मुरल्यावरचे अनुभव

मोठ्या स्क्रीनच्या लॅपटॉपबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं, पण ते बहुतेक पहिल्या आठवड्यातलं असतं. स्क्रीन सुंदर, आवाज दमदार, वेग भन्नाट. बिजागरी सैल झाल्यावर, पंख्यात धूळ साठल्यावर, बॅटरी उतरल्यावर तोच लॅपटॉप कसा वाटतो, हे फारसं कुणी लिहीत नाही. ज्यांनी सिनेमा, संगीत, एडिटिंग अशा कामांसाठी सतरा इंचाच्या आसपासचा लॅपटॉप घेतला आणि बराच काळ वापरला, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. स्वतःच्या लॅपटॉपची कंपनी सांगायची गरज नाही. मॉडेलं सतत बदलतात, या आकाराचे गुण आणि त्रास मात्र तेच राहतात.

सुरुवात मीच करते. माझी स्क्रीन १७.३ इंची, १९२० × १०८० ठिपक्यांची. एवढेच ठिपके १५.६ इंचात बसवले तर इंचाला १४१ येतात, माझ्याकडे १२७. म्हणजे अक्षरं जरा मोठी आणि कडा किंचित भरड. फोटोवर बारीक काम करणाऱ्याला ते खटकेल. मला चाळिशी लागलेली आहे, दिवसभर वाचन-लेखन असतं, आणि अक्षरं मोठी न करता हातभर अंतरावरून वाचता येतात याचं मला फार सुख आहे.

सिनेमा पाहणाऱ्यांनी मात्र स्क्रीनच्या वेगाकडे लक्ष द्यावं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा आणि स्क्रीन ६० हर्ट्झची (सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करणारी) असली, की एक चौकट दोनदा, पुढची तीनदा अशी दाखवावी लागते. कॅमेरा संथपणे आडवा फिरतो तेव्हा चित्र अडखळतं ते यामुळे. १२० हर्ट्झवर प्रत्येक चौकट बरोबर पाच वेळा येते. १२० हर्ट्झची स्क्रीन फक्त गेम खेळणाऱ्यांसाठी असते, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

* * *

मी मुलाखती आणि माहितीपट एडिट करतो. टाइमलाइन आणि प्रीव्ह्यू दोन्ही एकाच स्क्रीनवर धड दिसतात. बाहेरगावी दुसरा मॉनिटर जवळ नसतो तेव्हा या आकाराची किंमत कळते. पण स्क्रीन मोठी असणं आणि चांगली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहितीपत्रकात रंगांच्या आवाक्यासमोर ‘४५ टक्के एनटीएससी’ असं दिसलं तर एडिटिंगसाठी तो लॅपटॉप घेऊ नका. तसं पॅनेल एसआरजीबी या नेहमीच्या रंगश्रेणीतले साधारण साठ-पासष्ट टक्केच रंग दाखवतं. त्यावर चेहऱ्याचा रंग नीट जुळवावा, तर चांगल्या मॉनिटरवर तोच माणूस लालभडक दिसतो. एसआरजीबी शंभर टक्क्यांच्या जवळ हवं, आणि हे दुकानात नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

दुसरं, ग्राफिक्स कार्ड मोठं म्हणजे एडिटिंग सुरळीत, असं प्रत्येक वेळी होत नाही. आजकालचे बरेच कॅमेरे १० बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगांचा जास्त तपशील राखणारं, दाट आवळलेलं) फुटेज देतात. ते हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय इंटेलच्या ११व्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये होती; एनव्हिडियाच्या कार्डांत ती आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. त्यामुळे दणकट कार्ड असलेला लॅपटॉप या फुटेजवर अडखळतो आणि त्याहून साधा लॅपटॉप ते लीलया चालवतो, असं घडू शकतं. आपला कॅमेरा काय रेकॉर्ड करतो ते आधी पाहावं आणि मग लॅपटॉप निवडावा.

त्रास विचाराल तर रेंडरच्या (तयार व्हिडिओ बाहेर काढण्याच्या) वेळचा पंखा. शेजारी बसून फोनवर बोलणं अवघड. हवा आत घेण्याच्या फटी तळाशी असतात, म्हणून मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवतो. तापमानात चांगला फरक पडतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की अनेक लॅपटॉपांत टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो. वेग घटतो, पण नुसतं कापाकापीचं काम चाललेलं असताना ती शांतता मला जास्त मोलाची वाटते. आणि रेंडर नेहमी चार्जर लावूनच करावं. बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाला पुरेशी वीज दिली जात नाही.

* * *

माझं सगळं काम हिशेबाचं. नंबरपॅडसाठीच मोठा लॅपटॉप घेतला आणि आकडे भरताना तो खरोखर हवाच. पण त्याच्यामुळे अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात, त्यांच्याबरोबर टचपॅडही. लांबलचक पत्र लिहायचं असलं की बोटं स्क्रीनच्या मध्यापासून बाजूला आणि मान मध्याकडे, अशी तिरकी बैठक होते. खांदा भरून यायचा. आता पत्रव्यवहाराला नंबरपॅड नसलेला वेगळा की-बोर्ड लावते. घेण्याआधी बाणांच्या कळाही तपासा. अर्ध्या उंचीच्या असल्या तर तक्त्यात फिरताना बोट चुकत राहतं.

* * *

मी घरी गाणं रेकॉर्ड करतो. प्रोसेसरवर जेमतेम वीस टक्के भार, रॅम भरपूर, तरी आवाजात मधूनच कट्‌कट्‌. हा अनुभव असलेल्यांनी डीपीसी लेटन्सी, म्हणजे ड्रायव्हरांमुळे (उपकरणं चालवणाऱ्या प्रोग्रामांमुळे) होणारा खोळंबा, हा प्रकार समजून घ्यावा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा) ठेवला की संगणकाला दर वेळी सुमारे २.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला, तर आवाजाचा तुकडा वेळेत पोचत नाही आणि कट्‌ ऐकू येतं. इथे वेगवान प्रोसेसर असून उपयोग नसतो. ‘लेटन्सीमॉन’ नावाचा प्रोग्राम दोषी ड्रायव्हर दाखवतो. माझ्याकडे तो वायफायचा निघाला. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद ठेवतो आणि एकही तुकडा गळत नाही.

चार्जर लावल्यावर ऑडिओ इंटरफेसमधून (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीतून) गुणगुण येते, बॅटरीवर थांबते, असं होत असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण गाळणारी) केबल टाकल्यावर माझी गुणगुण गेली. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतोच. लांब यूएसबी केबल घेऊन लॅपटॉप दूर ठेवणं, एवढाच इलाज मला सापडला.

* * *

अंगभूत स्पीकरबद्दल थोडं. माझ्या लॅपटॉपचे तळाशी आहेत आणि आवाज टेबलावर आपटून वर येतो. टेबलावर छान, गादीवर ठेवला की तोंड दाबल्यासारखा. सिनेमातले संवाद पुटपुटल्यासारखे आणि मारामारी कानठळ्या बसवणारी, ही तक्रार तर सगळ्यांचीच. बहुचॅनेल ध्वनीत संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतात, आणि ते सगळं दोन स्पीकरमध्ये कोंबताना संवाद मागे पडतात. प्लेअरमध्ये मधला चॅनेल वाढवायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर स्टिरिओ ट्रॅक निवडा. आईला आता सबटायटलशिवाय सिनेमा कळतो.

* * *

मी विद्यार्थिनी आहे आणि हा लॅपटॉप रोज पाठीवर नेते, म्हणून माझं मत वेगळं आहे. लॅपटॉपचं वजन सगळे सांगतात, चार्जरचं कुणी सांगत नाही. मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा २३० वॉटचा चार्जर म्हणजे पाठीवर आणखी एक वीट. ‘मोठी बॅग’ या वर्णनावर जाऊ नका, १७.३ इंची लॅपटॉपची रुंदी सहसा ३९-४० सेंटिमीटर असते, ती मोजून बॅगेच्या आतल्या कप्प्याशी ताडून पाहा.

सगळ्यात जास्त मनस्ताप झाला तो झोपेचा. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप झोपला असं आपण धरतो. नव्या लॅपटॉपांमधला स्टँडबाय पूर्ण झोप नसतो. मशीन मधेच जागं होऊन अपडेट वगैरे करत बसतं आणि बॅगेत उष्णता जायला वाट नसते. बॅग उघडावी तर लॅपटॉप चटका बसेल इतका गरम, बॅटरी संपत आलेली. झाकण मिटल्यावर हायबरनेट होईल (चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होईल) अशी सेटिंग करा. सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, पण लॅपटॉप थंड राहतो.

* * *

जुन्या मशीनचा मालक म्हणून दोन गोष्टी सांगतो. स्क्रीन जितकी मोठी, तितका बिजागरीवर ताण. कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा पीळ एकाच बाजूवर येतो आणि आतले प्लॅस्टिकचे आधार तडकतात. नेहमी वरच्या कडेला मध्यभागी धरून उघडा. उघडताना कुरकुर ऐकू आली किंवा कडेला फट दिसली, तर लगेच उघडून स्क्रू आवळून घ्या. आधार तुटल्यावर दुरुस्ती फार वाढते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टचपॅड वर आल्यासारखा वाटला, क्लिक होईनासा झाला, किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका, टोचू तर मुळीच नका. जाणकाराकडून बॅटरी बदलून घ्या. हे लॅपटॉप कायम प्लगला जोडलेले असतात, आणि सतत शंभर टक्के चार्ज आणि उष्णता यांनी लिथियम-आयन बॅटरी लवकर थकते. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती आजच सुरू करा.

* * *

वर चार्जरच्या विटेबद्दल लिहिलंय त्यांच्यासाठी : तुमच्या लॅपटॉपचा यूएसबी-सी पोर्ट चार्जिंग घेतो का ते पाहा. घेत असेल तर १०० वॉटचा लहान चार्जर वर्गात पुरतो. नोट्स आणि व्याख्यानाचे व्हिडिओ चालतात, बॅटरीही भरत राहते. गेम किंवा रेंडर चालू केलं की मात्र चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरायला लागेल. २०२१ मध्ये यूएसबी पॉवर डिलिव्हरी या चार्जिंग पद्धतीची मर्यादा २४० वॉटपर्यंत वाढवली गेली, पण त्यासाठी लॅपटॉप, चार्जर आणि केबल तिन्ही त्या क्षमतेचे लागतात. केबलवर २४० वॉट छापलेलं आहे ना, ते बघूनच घ्या.