अनुभव धागा: पिकअपला ऑल-टेरेन टायर कसे निवडलेत?

सड्यावरचा
आज कुडाळला टायरच्या दुकानात नव्या रबराचा वास आला आणि बाबांची जीप डोळ्यासमोर उभी राहिली. सहा-सोळा मापाचे एनडीएमएस, म्हणजे लष्करी नक्षीचे टायर, गावात सगळे बटन टायर म्हणायचे. डांबरावर त्यांची घरघर वळणाच्या पलीकडूनच ऐकू यायची आणि आई चहाचं आधण ठेवायची. तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता, जीपला तेच मिळायचे.

आता माझ्याकडे व्ही-क्रॉस आहे, फोर बाय फोर पिकअप, माप २५५/६० आर १८. कंपनीचे हायवे टायर गोटा झालेत. वापर म्हणजे कलमांच्या बागेत जाणारी लाल मातीची वाट, जांभ्या खडकाचा सडा म्हणजे उघडं पठार, पावसात त्यावर शेवाळ. शिवाय कोल्हापूरला जाणं-येणं, फोंडा नाहीतर करूळ घाटाने. दुकानदाराने ऑल-टेरेनचे, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे, चार नमुने मांडले, चारही "एकदम भारी".

माझं मत असं होत चाललंय की नक्षीच्या आधी साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, बघावी. आमच्याकडे टायर झिजून कमी जातात, चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, धार बाजूला लागून जास्त जातात. आणि बाजूला फाटला की पंक्चरवाला हात जोडतो. तुम्ही कशासाठी कोणते घेतलेत, पुढे कसे चालले, सविस्तर लिहा. कंपन्यांवरून भांडणं नकोत.

काळी माती
परभणीकडे या. चिऱ्याचं दुःख विसराल. पाऊस पडून गेला की एटी (ऑल-टेरेन) काय नि चिखलासाठीचे मड टेरेन काय, खाचा मातीने भरतात आणि चाकाचा लाडू होतो. मडगार्डच्या आत माती घट्ट बसली की चाक फिरतच नाही. मड टेरेनच्या रुंद खाचा जरा वेग दिला की माती फेकतात, एटी तेवढं फेकत नाही, एवढाच फरक. आमच्या वडिलांचा नियम होता, वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती पुरेशी सुकल्याशिवाय, शेतात चाक घालायचं नाही. तो नियम कोणत्याही टायरपेक्षा भारी.

बोलेरोवाली
वाफसा +१
आमची पिकअप टू व्हील ड्राइव्ह आहे, रोपवाटिकेची. एटी मागे दोनच टाकले, पुढे साधे. दोन वर्षं छान चाललंय. पण रिकामी गाडी पावसात चढाला मागून फिरते, टायर कोणतेही असोत, कारण मागे वजनच नाही. मी हौद्यात मागच्या ॲक्सलवर वाळूची पोती टाकते, बांधून. खर्च शून्य. घाईत लिहितेय, कुकर लावलाय.

मोजपट्टी
ताई, टू व्हीलला चालतं. सडेकर, तुम्ही मात्र असं करू नका. फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या टायरचा घेर सारखा हवा, नाहीतर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो. चारही एकाच मापाचे, एकाच नक्षीचे, शक्यतो सारखे झिजलेले.

साईडवॉलच हवी असेल तर १८ इंचाऐवजी १७ इंचाचं रिम बघा. २५५/६५ आर १७ चा व्यास ७६३ मिमी येतो, तुमच्या आताच्या टायरएवढाच. स्पीडोमीटर बिघडत नाही आणि साईडवॉल जवळजवळ १३ मिमीने वाढते. रिम ब्रेकला घासत नाही ना, हे मात्र गाडीवर चढवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. उलट "दिसायला दणकट" म्हणून २६५/६५ आर १८ टाकलेत तर व्यास ५ टक्के वाढेल. मीटरवर १०० दिसेल तेव्हा गाडी १०५ वर असेल, उचल मंदावेल, चाक वळवताना आतून घासण्याची शक्यता वेगळीच.

भार-क्रमांक: ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. कंपनीने दिलाय त्यापेक्षा खालचा कधीच नको, तुम्ही आंब्याच्या पेट्या भरून घाट चढणार. आणि बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर घेऊ नका.

वाळवंटातला वऱ्हाडी
दुबईहून. इथे नवीन आलेला प्रत्येक जण वाळूसाठी मड टेरेन मागतो. नको! मोठे ठोकळे वाळू उकरतात आणि गाडी जागीच बसते. साधा एटी घ्या, हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवा, पसरलेला टायर वाळूवर तरंगतो. पण डांबरावर चढण्याआधी हवा भरायचीच. कमी हवेत वेगाने पळवलं की साईडवॉल आतून तापते आणि इथल्या उन्हात फुटते. म्हणून टायरवर खर्च करताना कंप्रेसर आणि हवा मोजायच्या मीटरचे पैसे आधी बाजूला काढा. अर्धं काम हवाच करते.

सड्यावरचा
जांभ्यावर हवा किती कमी करावी?

वाळवंटातला वऱ्हाडी
धारदार दगडावर १५ अजिबात नाही, बाजू फुगून नेमकी चिऱ्याला लागेल. रिकाम्या गाडीला पंचविशीच्या आसपास, तेही सावकाश चालवताना. भरलेल्या गाडीला दारावरच्या स्टिकरवर असेल तेवढी.

हिमालयाची सून
सगळ्यांच्या लाल-काळ्या मातीत माझा बर्फ. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने सक्तीचे. तीन शिखरं आणि हिमकण हे चिन्ह असलेले एटी चालतात. नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो) लिहिलेलं असेल तर नाही, ते कंपनी स्वतःच छापते. शिखरांचं चिन्ह चाचणीनंतर मिळतं, पण ती चाचणी दाबलेल्या बर्फावर गाडी किती पकड घेऊन पुढे जाते याची. काचेसारख्या बर्फावर ब्रेक लागेल असं त्यातून समजू नये. लेह-स्पितीला एटीच्या भरवशावर थंडीत जाणाऱ्यांनी साखळ्या सोबत ठेवाच.

गोडीबाय
धागो काढलास ता बरा केलास. पण एटी घालून गाडी वेळेवर, म्हणजे समुद्राच्या रेतीत, उतरवणाऱ्यांसाठी हात जोडून सांगतंय, कासवांच्या किनाऱ्यावर गाड्यो घालू नकात. वेळास, आंजर्ले, गुहागर, सगळीकडे ऑलिव्ह रिडले अंडी घालतत. चाकांच्या खोल चाकोरीत पिल्लां अडाकतत, समुद्रापर्यंत पोचणत नाय.

बोलेरोवाली
गोडीबाय, अगदी खरं. आणि सड्यांवरही. पावसाळ्यात तिथे फुलं असतात, मातीचा थर बोटभर. एकदा चाक गेलं की पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही. आहे त्याच वाटेने जा.

सड्यावरचा
दोघींना मनापासून अनुमोदन. आमची वाट बैलगाडीच्या काळापासूनची आहे, तिच्याबाहेर आम्ही चाक टाकत नाही.

काळी माती
बाबांची जीप आहे का अजून?

सड्यावरचा
नाही, विकली. बाबा आहेत, मजेत. शेजारच्या सीटवर बसून अजूनही आधी हवा बघितलीस का विचारतात.

बोलेरोवाली
😊 नमस्कार सांगा त्यांना.

रातराणी
आवाजाचं कोणी लिहिलंच नाही. सासूबाईंना एटीच्या घुंकाराने डोकेदुखी होते, सिमेंटच्या महामार्गावर तर फारच. ॲव्हरेजही पडलं. आठवड्यातला एकच दिवस शेतावर जाणाऱ्यांनी खरंच विचार करावा, चांगला हायवे टायरही कच्च्या रस्त्यावर पुष्कळ चालतो.

मोजपट्टी
बरोबर. ठोकळे जवळजवळ असलेली सौम्य नक्षी घ्या, आवाज कमी. आणि टायर पुढचे मागे, मागचे पुढे असे फिरवत राहा, ठोकळे एका बाजूने झिजले की घरघर वाढते.

हिमालयाची सून
रातराणी, तू नाशिकची ना? द्राक्षांचं काय झालं गं अवकाळीत?

रातराणी
अर्धी बाग गेली. व्यक्तिगत निरोप करते.

सड्यावरचा
वाईट वाटलं, रातराणी. काळजी घ्या.
उद्या १७ चं रिम लावून बघतो. बसलं तर पाच घेणार, स्टेपनीसुद्धा त्याच मापाची.

काळी माती
स्टेपनीत हवा भरून घ्या, ती कोणी तपासत नाही.