रुमानियाहून आलेली बुजरी कुत्री

दत्तक घेतलेला घाबरलेला कुत्रा घरात कसा रुळवायचा, या चर्चेत वर 3-3-3 चा नियम आलाय: 3 दिवसांत धक्का ओसरतो, 3 आठवड्यांत घर कळतं, 3 महिन्यांत कुत्रा आपला होतो. अंदाज म्हणून ठीक आहे, पण कॅलेंडर धरून बसू नका. आमची कुत्री रुमानियाहून व्हॅनने इंग्लंडला आली. त्याआधी शेल्टर, त्याआधी रस्ता. जिना, टीव्ही हे प्रकारच तिला ठाऊक नव्हते. चार आठवडे सोफ्यामागे. कुकरची पहिली शिट्टी झाली आणि तिने तिथेच मुतलं! मग महिनाभर डाळ-भात पातेल्यात. "मांडीवर घेऊन कुरवाळा" हा वरचा सल्ला तर मुळीच पटला नाही. आम्ही तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचो आणि चिकनचे तुकडे मागे सरकवायचो. पाचव्या आठवड्यात एकदा कोपराला ओलं नाक लागलं. मी श्वास रोखून तशीच बसले, वळून पाहिलं नाही.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही, ती म्हणजे पळून जाणं. घाबरलेला कुत्रा मागे मागे सरकत साध्या हार्नेसमधून (छाती-पाठीभोवतीच्या पट्ट्यांमधून) अलगद निसटतो. बरगड्यांच्या मागे जादा पट्टा असलेला हार्नेस घ्या, शिवाय गळपट्ट्याला दुसरी दोरी. कातडीखालच्या ओळख-चिपची नोंद इंग्लंडमधल्या डेटाबेसवर स्वतःच्या नावाने करा, नाहीतर सापडूनही फोन तुम्हाला येणार नाही. आणि व्हेटकडे ब्रुसेला कॅनिस या कुत्र्यांमधल्या जंतूच्या रक्तचाचणीचं आवर्जून विचारा. कुत्रा ठणठणीत दिसला तरी. तो जंतू माणसालाही लागू शकतो.