किलिमांजारो: मेळघाटात राहून तयारी कशी करावी?

प्रश्न: आफ्रिकेतला 5895 मीटरचा डोंगर, चढायला मचामे नावाचा मार्ग. सहा दिवस घ्यावे की सात? सराव चिखलदऱ्याच्या घाटात.

उत्तर: सातच घ्या भाऊ. चिखलदरा जेमतेम 1100 मीटर. तिथं पाय तयार होतात, विरळ हवेची सवय नाही. ती वाटेतच होते: लाव्हा टॉवरला 4600 मीटरवर चढायचं अन् झोपायला बारांको कॅम्पला 3900 वर उतरायचं. सहा दिवसांत बारांको ते बाराफू (शिखराआधीचा शेवटचा कॅम्प) एका दमात होतं अन् त्याच मध्यरात्री शिखराकडे निघावं लागतं. अंगाला सावरायला वेळच नाही.

उत्तर: उताराचा सराव विसरू नका. शिखरावरून म्वेका कॅम्पपर्यंत एकाच दिवसात पावणेतीन हजार मीटर उतार, गुडघे तिथंच जातात. पाठीवर सहा किलो घेऊन घाट उतरत जा. शिखराच्या रात्री पाण्याच्या नळीवाल्या पिशवीची नळी गोठते. बाटलीत गरम पाणी भरा अन् बाटली उलटी ठेवा. बर्फ आधी वर धरतो, म्हणून तोंड मोकळं राहतं. टॉर्चचे सेल अंगालगतच्या खिशात.

उत्तर: डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. चालताना तोल जायला लागला की गोळीची वाट पाहायची नाही, रात्र असली तरी लगेच खाली उतरायचं.