वळिवड्याच्या पोलिश छावणीतला फोटो : मागं विमान, सात जण, एकाच्या डोक्यावर फुली

लेथवाला_उद्यमनगर

नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची माहिती असणारं कोणी असलं तर जरा बघा.

माझे आजोबा सुतार. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला युद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती तेव्हा तिथं बाकडी, खाटा, फोटोच्या चौकटी करून द्यायचे. १९४८ ला छावणी उठली. एका बाईनं चौकट करायला दिलेला फोटो मात्र आमच्याकडंच राहिला. ती न्यायला आलीच नाही. आजोबांनी आठ आणे आगाऊ घेतले होते, त्यामुळं फोटो काढून टाकायचा विषय निघाला की म्हणायचे, "पैसे घेतल्यात. वस्तू तिची हाय." आजोबा गेले, वडील गेले, फोटो अजून माजघरात आहे. लहानपणी मला वाटायचं हे आमच्यातलेच कोणीतरी. नाकं बघून तरी शंका यायला पाहिजे होती.

यंदा गणपतीच्या आधी जळमटं काढताना काच फुटली म्हणून फोटो बाहेर काढला. विमानाला टेकून सात जण उभे. मागं विमानाच्या अंगावर इंग्रजीतली बी आणि एच ही दोन अक्षरं, माणसाच्या उंचीची. उजवीकडच्या शेवटच्या पोराच्या डोक्यावर शाईनं बारकी फुली. पोरगं विशीतलं असंल. बाकीचे नेटके, आणि हा मात्र गोधडी गुंडाळल्यागत फुगलेला. फोटोच्या पाठीवर पेन्सिलनं 'फाल्डिंगवर्थ १९४४', त्याखाली एक ओळ, ती पुसलीय.

हे विमान कुठलं? आणि फुलीवाला परत आला असंल का? नेटवर शोधायला गेलो तर ब्रिटिशांच्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्या विमानदलाचे, ५५,५७३ लोक गेले असं वाचलं. मला वाटलं छापताना एक पाच जास्त पडला. विमानात बसणारे असे किती असतात, त्यातले एवढे कसे जातील?

गप्पीदास

बी-१७ बॉम्बर दिसतंय. अमेरिकन. फुली म्हणजे गेला असणार, त्यात काय विचारायचं? म्युझियमला देऊन मोकळे व्हा.

निवृत्त_एअरफ्रेम

गप्पीदास, फोटो न बघता निदान करायची तुमची सवय जुनीच आहे.

लेथवाले, बीएच ही ३०० नंबरच्या पोलिश स्क्वाड्रनची अक्षरं. फाल्डिंगवर्थ हा इंग्लंडच्या लिंकनशायरमधला त्यांचा तळ, मार्च १९४४ पासून. आधी त्यांच्याकडे वेलिंग्टन बॉम्बर होती, एप्रिलमध्ये त्याहून मोठी लँकेस्टर आली. सात जणांचा क्रू म्हणजे लँकेस्टरच धरा.

आकड्यात छापायची चूक नाही. साधारण सव्वा लाख लोक बॉम्बर कमांडकडून उडले, त्यातले ५५,५७३ मेले. शंभरात ४४. शिवाय कैद झालेले जवळपास दहा हजार वेगळे. हे कसं होतं त्याचा हिशोब कागदावर मांडून बघा. एका क्रूची एक पाळी ३० मोहिमांची. समजा एका रात्री शंभरातली चारच विमानं परत आली नाहीत. ऐकायला बरं वाटतं, ९६ आली की! पण हेच तीस वेळा करा. शंभर क्रूंपैकी २९ उरतात. चाराऐवजी पाच पडली तर २१. १९४३-४४ च्या हिवाळ्यात बर्लिनवर जाणाऱ्यांची गत ह्याहून वाईट होती. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्युरेंबर्गला ७९५ विमानं गेली, ९५ आली नाहीत. चांदणं होतं, विमानांमागे पांढरे पट्टे उमटत होते. जर्मन नाइट फायटरना वाट विचारावी लागली नाही. त्या एका रात्रीत पाचशेहून जास्त माणसं गेली.

आता माझ्या धंद्याचं. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, लोहगावला कॅनबेरा बॉम्बरवर वर्षं काढली. त्यामुळे बॉम्बर म्हटलं की माझी नजर आधी दरवाज्याकडे जाते. आमच्या बी(आय)५८ कॅनबेरात पायलटला इजेक्शन सीट होती. नाकात पोटावर पडून निशाणा धरणाऱ्या नेव्हिगेटरला नव्हती. त्यानं पॅराशूट अडकवायचं आणि बाजूच्या दारातून बाहेर पडायचं. पहिल्याच आठवड्यात मी सार्जंटना विचारलं, असं का? ते म्हणाले, "म्हणूनच तुला दाराची कडी तपासायला ठेवलंय."

लँकेस्टर त्याच्याही वरताण. पुढच्या पाच जणांचा सुटकेचा मुख्य रस्ता म्हणजे नाकाच्या तळातलं झाकण, २२ इंच रुंद, साडेसव्वीस इंच लांब. अंगात जाड कपडे, छातीवर पॅराशूटचं गाठोडं, विमान गिरक्या घेतंय, अंधार. मागच्या दाराकडे जायचं तर पंखाचा आडवा स्पार, म्हणजे तुळई, विमानाच्या पोटातून आरपार गेलेला. शांतपणे जमिनीवर उभ्या विमानातसुद्धा तो ओलांडताना गुडघा फुटायचा. पायलटनं बाकीचे उतरेपर्यंत विमान सरळ धरायचं, म्हणजे तो शेवटी. पडलेल्या लँकेस्टरमधून दहातला एखाद-दुसरा जिवंत सुटायचा. हॅलिफॅक्स ह्या दुसऱ्या ब्रिटिश बॉम्बरमधून दहातले दोन-तीन, कारण तिचं झाकण दोन इंचांनी मोठं होतं आणि आत वावरायला जागा बरी. दिवसा उडणाऱ्या अमेरिकन विमानांतून तर साधारण निम्मे सुटायचे.

तुमच्या फुलीवाल्याबद्दल. गोधडीसारखे कपडे म्हणजे तो बहुतेक गनर, विमानातला मशीनगन चालवणारा. गनरच्या अंगात विजेवर तापणारा सूट असायचा. शेपटीतल्या टरेटमध्ये, म्हणजे बंदुका बसवलेल्या फिरत्या घुमटात, थंडी उणे चाळीसपर्यंत जायची, आणि नीट दिसावं म्हणून समोरची काच काहीजण काढूनच टाकायचे. टरेट इतका अरुंद की पॅराशूट आत ठेवता यायचं नाही. ते मागे विमानाच्या पोटात लटकवलेलं. उडी मारायची तर आधी टरेट सरळ करायचा, मागची दारं उघडायची, हात घालून पॅराशूट ओढायचं, अडकवायचं, मग टरेट आडवा फिरवून पाठमोरं बाहेर पडायचं. टरेट फिरतो हायड्रॉलिकवर. इंजिन गेलं किंवा नळी फुटली की हातानं फिरवा.

आला असेल का? उन्हाळ्यानंतर फ्रान्स मोकळा होत गेला, जर्मनांची किनाऱ्यावरची रडार गेली, तसे ब्रिटिशांचे आकडे उतरले. त्यामुळे फोटो १९४४ च्या कुठल्या महिन्यातला ह्यावर बरंच अवलंबून. फुलीवरून काही ठरवू नका. आई आपल्या पोराच्या डोक्यावरही खूण करते, शेजारणीला दाखवायला.

वळिवडेकर

निवृत्त काकांनी विमानाचं सांगितलं, मी गावचं सांगतो. १९४३ ते ४८ ह्या काळात वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश होते, बायका आणि पोरंच जास्त. १९४० पासून रशियनांनी ह्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलेलं. १९४१ ला जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर सुटका झाली. पुरुष रशियातच उभारलेल्या जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यात गेले, ते सैन्य इराणमार्गे बाहेर पडलं. त्यातलीच काही हजार तरणी पोरं इंग्लंडला पोलिश हवाई दल आणि नौदलासाठी पाठवली. म्हणजे आई पंचगंगेकाठी आणि पोरगा लिंकनशायरला, हे अगदी जुळतंय. गनरचं शिक्षण पायलटपेक्षा बरंच कमी दिवसांचं, तेव्हा १९४४ पर्यंत तो तिथं पोचलेला असणं शक्य आहे.

छावणी उठल्यावर बाई पोलंडला गेलीच असेल असं नाही. ह्यांची गावं युद्धानंतर रशियाच्या हद्दीत गेली. पोरगा जिवंत असला तर इंग्लंडला त्याच्याकडे गेली असेल. मागं राहिलेल्या बराकीत सिंधी निर्वासित आले, त्याचं आजचं गांधीनगर. तिथं साड्या घेताना कोणाच्या ध्यानात येतं हे?

महावीर गार्डनमधला पोलिश स्मृतिस्तंभ बघितला नसेल तर बघून या. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ ला पंतप्रधान तिथं जाऊन आले तेव्हा इकडं दोन दिवस गाजलं, मग परत सामसूम.

खडाष्टक

सगळं खरं. पण ह्यांनी खाली काय टाकलं तेही लिहा की. का फक्त वरच्यांचंच रडायचं?

निवृत्त_एअरफ्रेम

लिहितो. जुलै १९४३ च्या अखेरीस हॅम्बुर्गमध्ये आठवडाभरात तीस हजारांहून जास्त माणसं मेली, घराघरांत जळून, तळघरांत गुदमरून. त्यातल्या पहिल्या रात्री ७९१ विमानांतली फक्त १२ पडली, कारण रडार आंधळं करायला चकचकीत कागदाच्या पट्ट्या पहिल्यांदाच सोडल्या होत्या. दोन्ही आकडे एकाच मोहिमेचे. मी कुठला खोडत नाही. इथं प्रश्न एका फोटोचा होता म्हणून तेवढंच लिहिलं.

लेथवाला_उद्यमनगर

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी.

एक, काल कारखान्यात खोक्याचा पुठ्ठा घेऊन २२ बाय साडेसव्वीस इंचाचं भोक पाडलं. ५५९ बाय ६७३ एमएम. दोन स्टुलांवर आडवं ठेवलं, थोरल्याला रेनकोट, त्यावर स्वेटर घातला, पोटावर दप्तर बांधलं आणि म्हटलं, जा खाली. सतरा वर्षांचा, काटकुळा. खांदे गेले, दप्तर अडकलं. दप्तर तिरकं केलं तर कोपर अडकलं. हसत होता. तिसऱ्यांदा पुठ्ठाच फाटला. उजेड होता आणि कोणी गोळ्या घालत नव्हतं. मी बायकोला काही बोललो नाही, तिनं फक्त विचारलं, पोराला स्वेटर कशाला घातलाय उन्हाचा?

दोन, विमान पडून चुरा झाल्यावर आत कोण होतं ते कसं कळायचं? आमच्याकडं कास्टिंगवर हीट नंबर पंच करतो, दहा वर्षांनी तक्रार आली तरी कुठल्या भट्टीचं ते सांगता येतं. तसं काही?

निवृत्त_एअरफ्रेम

अगदी तसंच. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाची माणसं गावोगाव हिंडली, सुमारे ४२ हजार बेपत्ता लोकांच्या शोधात. चर्चची दफननोंद बघायची, शेतकऱ्याला विचारायचं, खड्डा खणायचा. मर्लिन इंजिनच्या तुकड्यावरचा पंच केलेला नंबर मिळाला की कुठलं इंजिन कुठल्या विमानाला बसवलं होतं ते नोंदवहीत सापडायचं, आणि त्या रात्री त्या विमानात कोण होतं तेही. मशीनगनचे नंबरही चालायचे. कधी शर्टाच्या कॉलरवरची धोब्याची खूण. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या लाइनवरचे नंबर लिहायचे रजिस्टर आठवले, जे आम्ही कंटाळून, शिव्या देत भरायचो.

तुमच्याकडे इंजिन नाही, पण अक्षरं आहेत. गोल चिन्हाच्या पलीकडे तिसरं अक्षर असतं, ते त्या एका विमानाचं. स्क्वाड्रनच्या रोजनिशीत रोजच्या उड्डाणांखाली विमान आणि सातही नावं असतात. ब्रिटिश नॅशनल आर्काइव्हज आणि लंडनचं पोलिश सिकोर्स्की म्युझियम, दोन्हीकडे लिहा. गेला असेल तर लंडनजवळच्या नॉर्थोल्टच्या पोलिश स्मारकावर किंवा इंग्लंडमधल्याच न्यूअर्कच्या कबरस्तानात नाव मिळू शकतं. न मिळालं तर चांगलंच.

लेथवाला_उद्यमनगर

तिसरं अक्षर एकाच्या टोपीआड गेलंय. वरची आडवी रेघ दिसते. टी, एफ, ई, काहीही असंल.

वळिवडेकर

पाठीवरची पुसलेली ओळ स्कॅनरवर नको, मोबाइलच्या टॉर्चचा उजेड एका बाजूनं तिरका पाडून फोटो काढा. पेन्सिलचा दाब कागदात राहतो. आमच्या शाळेच्या जुन्या दाखल्यांवरची नावं मी अशीच काढलीत. इथं टाका, पोलिश वाचणारं माणूस मी शोधतो.

लेथवाला_उद्यमनगर

आज लाइट गेलीय, रात्री करतो. काच नवी टाकायची अजून. चौकट आजोबांचीच ठेवणार, सागवानी आहे, एक खिळा नाही तिला.

लेथवाला_उद्यमनगर

केलं. फोटो खाली जोडलाय. पहिला शब्द मला 'मामा'सारखा दिसतोय. पुढचं कोणीतरी वाचा.