स्कॉटलंड : भाड्याची गाडी, किल्ले आणि आठ रात्री. आखणी जमतेय का?

घाटवळण
सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं एडिनबरोला उतरतोय, त्यातले दोघं सत्तरीच्या आसपासचे. विमानतळावरच गाडी घेऊन स्टर्लिंग, ग्लेन्को, स्काय बेट, मग नॉर्थ कोस्ट ५०० (उत्तर किनाऱ्याला वळसा घालणारा रस्ता) ची पूर्ण फेरी आणि इनव्हरनेसवरून परत, असा बेत आहे. आठ रात्रींत बसेल का? किल्ल्यांचा एकत्रित पास परवडतो का? आणि आपलं लायसन्स चालतं का?

वाटाड्या
नॉर्थ कोस्ट ५०० काढून टाका. ती एकटीच ८३० किमी आहे आणि पश्चिमेकडचा बराच रस्ता एकपदरी. तिथे ताशी ५० ची सरासरीही पडत नाही. अ‍ॅपलक्रॉसचा बेलाख ना बा घाट ६२६ मीटरवर चढतो, धुक्यात पुढचं वळण दिसत नाही. सत्तरीच्या माणसांना रोज सहा-सात तास गाडीत बसवून किल्ले बघायला वेळ कुठून काढणार? इथे किलोमीटर नाही, तास मोजायचे.

मी अशी विभागणी करेन : एडिनबरो २, ग्लेन्को परिसर १, स्काय २, इनव्हरनेस २, शेवटची १ एडिनबरो विमानतळाजवळ.

एडिनबरोत गाडी घेऊच नका. विमानतळावरून ट्राम थेट शहरात येते. पार्किंग महाग आहे, शिवाय मध्यवस्तीत जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्यांना बंदी आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रामने विमानतळावर जाऊन गाडी ताब्यात घ्या. त्या दिवशी स्टर्लिंगचा किल्ला, मग डून, पुढे कॅलंडर, क्रियनलॅरिक आणि ए८२ रस्त्याने रॅनॉक मूरचं माळरान ओलांडून ग्लेन्को. हा शेवटचा टप्पा उजेडातच करा. सगळ्या प्रवासातला सर्वांत देखणा रस्ता तोच.

ग्लेन्को ते पोर्ट्री (स्कायचं मुख्य गाव) न थांबता साधारण साडेतीन तास. वाटेत आयलीन डोनान किल्ला असल्यामुळे पूर्ण दिवस धरा. स्कायच्या पुलाला टोल नाही, तो २००४ मध्येच रद्द झाला. मॅलेगहून स्कायवरच्या आर्मडेलला फेरीबोटीनेही जाता येतं, पण गाडीची जागा आधी आरक्षित करावी लागते आणि आयलीन डोनान मग परतीच्या वाटेवर ठेवावा लागतो.

दगडीचिरा
पास घेण्याआधी कुठला किल्ला कुणाच्या ताब्यात आहे ते बघा, लोक इथेच फसतात. हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी वारसा संस्थेच्या पासवर एडिनबरो, स्टर्लिंग, डून, अर्कर्ट आणि फोर्ट जॉर्ज होतात. आयलीन डोनान, डनव्हेगन, कॉडर यांना तो चालत नाही, तिथे वेगळं तिकीट. ग्लेनफिननचं स्मारक आणि कलोडनचं रणांगण नॅशनल ट्रस्ट या वेगळ्या संस्थेकडे. तुमच्या मार्गावर पासवाले चार-पाच येतात आणि एडिनबरो-स्टर्लिंगची तिकिटं सर्वांत महाग, त्यामुळे बहुधा परवडेल. तरी चारही तिकिटांची बेरीज करून पासच्या किमतीशी ताडून बघा. पास असला तरी एडिनबरोला वेळेचा स्लॉट घ्यायचा असतो.

आपल्या बऱ्याच गडांवर दिवसभर केव्हाही चढता येतं, तसं इथे नाही. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बराच आधी असतो आणि १ ऑक्टोबरपासून हिवाळी वेळा लागतात. डनव्हेगन आणि कॉडर तर ऑक्टोबरमध्ये हंगामापुरते मिटतात, तारखा त्यांच्या साइटवर बघा.

ज्येष्ठांसाठी : एडिनबरोच्या चढाला गोल दगडांची फरसबंदी आहे, ओल्यात घसरते. डूनमध्ये अरुंद गोल जिने. अर्कर्टला रस्त्यापासून खाली तळ्याकाठी उतरून परत चढायचं असतं. आयलीन डोनान आतून दिसतो तितका प्राचीन नाही : १७१९ मध्ये तोफांनी आणि सुरुंगानं उडवला, आजची वास्तू १९१२ ते १९३२ दरम्यान बांधली. खरा मध्ययुगीन गाभा हवा असेल तर डूनला जास्त वेळ द्या. माझ्या मते तो अकारण दुर्लक्षित राहतो.

चौथागिअर
वैध भारतीय लायसन्सवर पर्यटकाला १२ महिने चालवता येतं. काही भाडेकंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागतात. तो निघण्यापूर्वी आपल्या आरटीओकडूनच मिळतो. डिपॉझिटसाठी मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्ड अनेक ठिकाणी नाकारतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंगमध्ये तशी स्पष्ट निवडा. विम्यात टायर आणि काच बहुधा धरलेले नसतात. एकपदरी रस्त्यांच्या कडेला टायर फाटतात, म्हणून हे वाचूनच सही करा. चार मोठ्या बॅगा लहान हॅचबॅकमध्ये बसणार नाहीत, एस्टेट (लांब डिकीची गाडी) घ्या.

डावी बाजू आपल्यासारखीच. अडचण येते ती राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात : उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तिथे घुसायचं नाही.

एकपदरीवर समोरून गाडी आली की जवळच्या पासिंग प्लेसमध्ये (बाजू देण्यासाठी रुंद केलेल्या जागेत) थांबा. ती जागा डावीकडे असेल तर आत शिरा; उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला उभे राहा, पलीकडे जाऊ नका. मागे रांग लागली तर बाजूला होऊन तिला पुढे सोडा. फोटोसाठी तिथे गाडी लावून जायचं नाही.

वेग मैलांत असतो : वस्तीत सहसा ३० किंवा २०, दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर ६०, दुभाजक असेल तर ७०. डनब्लेन ते इनव्हरनेस या ए९ रस्त्यावर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. कॅमेऱ्यासमोर ब्रेक मारून उपयोग नाही. पेट्रोलचा नोझल हिरवा, डिझेलचा काळा. दारूची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक, १०० मिलि रक्तात ५० मिग्रॅ.

घाटवळण
नॉर्थ कोस्ट काढला. इनव्हरनेसला पोचल्यावर पुढचा पूर्ण दिवस कसा वापरू? आणि आई-बाबा शाकाहारी आहेत.

वाटाड्या
सकाळी उघडताच अर्कर्ट, कारण पार्किंग लवकर भरतं. दुपारी कलोडनचं १७४६ चं रणांगण, वेळ उरला तर कॉडर किंवा फोर्ट जॉर्ज. सूर्यास्त त्या सुमारास सातच्या आगेमागे. डनरॉबिन किल्ल्यासाठी उत्तरेला दीड तास लागतो, तो यासोबत बसत नाही.

स्कायवर बऱ्याच ठिकाणी साडेआठच्या पुढे जेवण मिळत नाही, टेबल आधी सांगून ठेवा. ब्रॉडफर्ड आणि पोर्ट्रीला को-ऑपची किराणा दुकानं आहेत. स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर डाळ-तांदूळ एडिनबरोतूनच भरून घ्या. स्कायच्या खोल्या मात्र या आठवड्यातच बघा. सप्टेंबरमध्ये अनेक ठिकाणी किमान दोन रात्रींचा आग्रह असतो.