सानी घाट आणि लहान गाड्या

आठ जणांनी दोन लहान भाड्याच्या गाड्या घेऊन दक्षिण आफ्रिकेतील डर्बनहून सीमेवरच्या सानी घाटमार्गे लेसोथो या शेजारच्या देशात शिरण्याचा जो बेत आखला आहे, त्यात एक मोठी अडचण आहे. फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) नसलेल्या गाडीला दक्षिण आफ्रिकेच्या चौकीवरून घाटात सोडतच नाहीत आणि माझ्या मते ते योग्यच आहे. कारण २,८७६ मीटर उंचीच्या माथ्याजवळची वळणे अरुंद आहेत, त्यांवर सुटे दगड पसरलेले असतात आणि जून ते ऑगस्टच्या हिवाळ्यात तिथेच पाणी गोठून चाके घसरतात. लहान गाड्याच न्यायच्या असतील तर लेसोथोची राजधानी मासेरूकडून प्रवेश करावा. तिथून सेमोंकाँगपर्यंत डांबरी रस्ता आहे आणि गावाजवळच १९२ मीटरांचा मालेत्सुन्याने धबधबा आहे. काट्से धरणाकडे जाणारा माफिका लिसिउ घाट तर सानीपेक्षाही उंच, ३,०९० मीटरांवर आहे, पण तोही डांबरी. खांद्याशी पिन लावून लोकरी घोंगडी पांघरलेले मेंढपाळ कळपासह रस्त्यावरच भेटतात, त्यामुळे (हॉर्न बडवत न बसता) नकाशातील अंतरापेक्षा बराच जास्त वेळ हाताशी ठेवावा. लेसोथोत दक्षिण आफ्रिकेचा रँड सर्रास चालतो. सुटे म्हणून मिळालेले मालोती (लेसोथोचे चलन) मात्र परतण्यापूर्वी तिथेच खर्च करावेत.