विधी महाविद्यालयात प्राध्यापक ते प्राचार्य: सेवेची वर्षं कशी मोजतात, गुण कसे जमवायचे?

कलम_वाचक:
नमस्कार मंडळी. अनुदानित विधी महाविद्यालयात पूर्णवेळ सहायक प्राध्यापक आहे. एलएल.एम., नेट. पीएच.डी.चा प्रबंध सादर झालाय, व्हायव्हा बाकी आहे. नियमित सेवा ८ वर्षं, त्याआधी ३ वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. सध्या वेतनश्रेणी लेव्हल ११. पुढे प्राचार्यपदासाठी अर्ज करायचा आहे. सीएचबीची वर्षं धरतात का? सगळ्यात लवकर कधी पात्र होईन? आणि आमच्याकडे दोन-तीन जण म्हणतात, की नोकरीत असताना वकिलीची सनद चालू असली तर काही बिघडत नाही. हे खरं आहे का?

सेवापुस्तक:
यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) १८ जुलै २०१८ चे विनियम समोर ठेवा. प्राचार्यपदाला चार गोष्टी एकत्र लागतात: पीएच.डी., सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक हे पद, अध्यापन-संशोधनाची एकूण १५ वर्षं, आणि किमान १० शोधनिबंधांसह ११० संशोधन गुण. यातली एक जरी कमी पडली तरी अर्ज छाननीतच बाद होतो, मुलाखतीपर्यंत जात नाही.

सीएचबीची ३ वर्षं विसरा. तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा धरायला तीन अटी आहेत: त्या वेळी नियमित पदाची पात्रता असणं, रीतसर निवड समितीमार्फत नेमणूक, आणि एकूण वेतन नियमित शिक्षकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसणं. तासिकेच्या मानधनावर तिसरी अट कधीच पुरी होत नाही. म्हणजे तुमची ८ च वर्षं.

आता कॅस, म्हणजे सेवेच्या वर्षांवर वरची लेव्हल देणारी पदोन्नती योजना. एलएल.एम. असल्याने लेव्हल १० वरून ११ ला ५ वर्षं लागली (पीएच.डी. आधीच असती तर ४ लागली असती). ११ वरून १२ ला ५, १२ वरून १३ए ला ३. म्हणजे १३ व्या वर्षी सहयोगी प्राध्यापक, तेही पीएच.डी. हातात असेल तरच. १५ वर्षांची अट त्यानंतर दोन वर्षांनी पुरी होते. म्हणजे आजपासून ७ वर्षं.

हे दोन वर्षांचं अंतर मोकळं समजू नका. ओरिएंटेशन किंवा रिफ्रेशर हा शिक्षकांचा प्रशिक्षण वर्ग राहून गेला की प्लेसमेंटची, म्हणजे वरची लेव्हल मिळण्याची तारीख पुढे सरकते, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याची तारीख तिच्यावरून मोजतात. दुसरा रस्ता थेट भरतीचा: पीएच.डी., ८ वर्षं, ७ निबंध आणि ७५ गुण असले की सहयोगी प्राध्यापकाच्या जाहिरातीला अर्ज करता येतो. १५ वर्षं त्यातही चुकत नाहीत, पण कॅसच्या दिरंगाईचं भय जातं. व्हायव्हा झाला की जाहिरातींवर नजर ठेवा.

पीएच.डी. रजा न घेता, शिकवत शिकवत केली असेल तर तो काळ अनुभवात धरतात. रजेवर केली असेल तर ती रजा वजा होते. सेवापुस्तकातल्या रजेच्या नोंदी आत्ताच तपासून घ्या.

सनदेबद्दल ऐकलंय ते चूक आहे. पूर्ण वेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. नोकरी लागल्यावर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला कळवून वकिली स्थगित ठेवावी लागते. १९७९ च्या नियमांनी वकिलाला दिवसाला ३ तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा आहे, पण ते अर्धवेळ काम समजलं जातं. पूर्ण वेळ नेमणुकीच्या काळात तुमचं वकीलपत्र एखाद्या खटल्यात निघालं, तर सेवेच्या त्याच वर्षांवर आक्षेप येतो.

शोधगुण:
११० मध्ये लोक कुठे अडकतात ते सांगते. विधी शाखेला दर निबंधाला १० गुण. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे ७. दोनपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७०, बाकीच्यांना ३० टक्के. त्यामुळे "माझे दहा निबंध आहेत" म्हणणाऱ्याचे गुण १०० होतीलच असं नाही.

शिवाय गुण सहापैकी किमान तीन प्रकारांतून यावे लागतात. नुसत्या ११ निबंधांनी ११० भरतील, पण अर्ज अपात्रच. चालणारं एक गणित असं: स्वतंत्र ७ निबंध ७०, दोघांनी लिहिलेले ३ निबंध २१, राष्ट्रीय प्रकाशकाकडून एक पुस्तक १०, पदवी मिळालेला एक पीएच.डी. विद्यार्थी १०. एकूण १११, प्रकार तीन. मार्गदर्शक म्हणून मान्यता उशिरा मिळत असेल तर चार क्रेडिटचा पूर्ण मूक (MOOC, म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन) अभ्यासक्रम तयार करा, त्याला २० आहेत. संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ५ गुण मिळतात, पण ते दहा निबंधांत मोजत नाहीत. चर्चासत्रांची प्रमाणपत्रं ढीगभर जमवून उपयोग नाही. व्याख्यानं आणि धोरण-दस्तऐवज मिळून एकूण गुणांच्या ३० टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत.

यूजीसीने २०२५ मध्ये केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, बंद केली. त्याआधीच्या निबंधांसाठी प्रसिद्धीच्या दिवशी नियतकालिक यादीत होतं याची तारखेसकट छापील प्रत फाइलला लावा. नंतरच्यांसाठी पिअर रिव्ह्यूचा पुरावा, म्हणजे समीक्षकांचे शेरे असलेली ईमेल, जपून ठेवा.

मूटकोर्ट:
निवड समितीतही गाडी अडते. कोरम पाच जणांचा, त्यात किमान दोन तज्ज्ञ हवेत. इतिवृत्त, गुणपत्रक आणि शिफारस त्याच दिवशी लिहून सर्व सदस्यांच्या सह्या घ्यायच्या असतात. एखादी सही "उद्या घेऊ" म्हणून राहिली की विद्यापीठाच्या मान्यतेत हमखास त्रुटी निघते आणि निवडलेला माणूस प्रभारी म्हणूनच बसून राहतो.

विधी महाविद्यालयाचा प्राचार्य विद्यापीठ आणि बार कौन्सिल अशा दोन मालकांना उत्तरं देतो, आणि नव्या माणसाला ते जड जातं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार प्राचार्य पूर्णवेळ हवा, आणि तीन व पाच वर्षांचे दोन्ही अभ्यासक्रम असतील तर पूर्णवेळ शिक्षक पहिल्या वर्षी ६, दुसऱ्या वर्षी ८, तिसऱ्यापासून १०. नेमके दहाच ठेवले आणि जूनमध्ये एकाने राजीनामा दिला, की तपासणीत तुम्ही कमी. एक-दोन शिक्षक जास्तीचे मंजूर करून घ्या. हे महाविद्यालय विकास समितीत आधीच मांडायचं असतं. तिथे तुम्ही सदस्य-सचिव असता, विषयपत्रिका तुमच्याच हातात असते.

इंटर्नशिप तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २०. डायऱ्या शेवटच्या सत्रात एकदम तपासल्या की एकाच वकिलाच्या सहीच्या, एकाच शाईच्या पन्नास डायऱ्या समोर येतात. दर सत्राला तपासा, खटला क्रमांक आणि तारीख ई-कोर्टवर पडताळा. मूट, म्हणजे अभिरूप न्यायालयातले सराव-खटले, तीन, प्रत्येकी १० गुणांचे. सीईटी सेलच्या प्रवेशफेऱ्या लांबल्या की पहिलं सत्र आखडतं, म्हणून मूटच्या तारखा ऑगस्टमध्येच ठरवा.

जुनी_पाटी:
थोडं विषयांतर, पण या वाटेवरचे मोठे लोक ठाऊक असावेत. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आधी प्राध्यापक होते, जून १९३५ मध्ये प्राचार्य झाले आणि १९३८ पर्यंत त्या पदावर होते. प्राचार्य असताना, जानेवारी १९३६ च्या कॉलेजच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. प्रशासनात शिरताना अभ्यासक्रमावरची पकड सोडायची नाही, हे त्यातून घ्यावं. त्यांच्यानंतर असफ फैजी आले. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयात डॉ. सत्यरंजन साठे यांनीही प्राचार्यपद सांभाळून घटनात्मक कायद्यावरचं लेखन अखंड चालू ठेवलं.

कलम_वाचक:
मनापासून आभार सगळ्यांचे. एक राहिलं: मुदत संपल्यावर काय? दुसऱ्या संस्थेत प्राचार्य झालो तर परत यायला जागा राहते का?

सेवापुस्तक:
मुदत ५ वर्षं. विद्यापीठाच्या समितीने काम पाहून शिफारस केली तर आणखी ५. त्यानंतर मूळ संस्थेत प्राध्यापक या पदनामाने आणि त्याच श्रेणीत परत यायचं, असं विनियमांतच आहे. मात्र त्यासाठी मूळ संस्थेतला धारणाधिकार, म्हणजे लीन, शाबूत हवा. नव्या जागी रुजू होण्याआधी तो लेखी मागा, संस्थेच्या ठरावाची प्रत घ्या आणि सहसंचालक कार्यालयाला पाठवल्याची पोच ठेवा. राजीनामा देऊन गेलात तर हा दरवाजा बंद होतो. घाईत कोऱ्या छापील अर्जावर सही करण्याआधी "राजीनामा" की "कार्यमुक्ती" हे वाचून घ्या.